लाल मातीतला पैलवान

फोटो तसबिरीच्या काचेला चिकटून आला, की आधी गिऱ्हाइकाचा हात धरावा लागतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल आत शिरते, कागदावरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि काचेला धरतो. ओढला तर चेहरा काचेवरच राहतो. आलेला कृष्णधवल फोटो पैलवानाचा होता, खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्ती मारल्यावरचा; खांद्यापासून कानापर्यंत चिकटलेला. नातू म्हणाला, "आज्जा हाय तसाच राहू दे, पण माती कशी लालभडक दिसाय पाहिजे बघा."

हाताने तेलरंग चढवायचा तो नव्या प्रिंटवर; मूळ फोटोला हात लावायचाच नाही. काचेसकट ६०० डीपीआयवर स्कॅन केला, तोही सीसीडी स्कॅनरवर, म्हणजे काचेपासून थोडं दूर असलेलंही स्पष्ट टिपणाऱ्या जाड स्कॅनरवर. पातळ सीआयएस स्कॅनरला काचेमागचं धूसर दिसतं. प्रिंट मॅट कॉटन पेपरवर, पिगमेंट शाईत काढली, नेहमीपेक्षा फिकी. कारण गडद काळ्यावर पारदर्शक रंग उमटतच नाही. करड्याऐवजी तपकिरी छटा ठेवली. थंड करड्यावर लाल चढवला की तो मळकट जांभळा होतो.

प्रिंटवर आधी मॅट फिक्सेटिव्हचे, म्हणजे कागद झाकणाऱ्या संरक्षक थराचे, दोन पातळ हात हवेतच, नाहीतर रंगातलं तेल कागदात मुरतं आणि चुकलेलं पुसता येत नाही. लालभडक म्हटलं की कॅडमियम रेड घ्यावासा वाटतो, पण तो अपारदर्शक. हौद्यातले, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यातले, पायांचे ठसे, ढेकळं, सगळं त्याखाली गडप होतं. मी पर्मनंट अलिझरीन आणि बर्न्ट सिएना हे पारदर्शक लाल-तपकिरी रंग घेतले, पिवळा इंडियन यलो नखभर. साधं अलिझरीन उजेडात उडतं. रंग कापसाच्या बोळ्याने चोळायचा, जादाचा पुसायचा, वाळला की दुसरा हात. भडकपणा असा थरांनीच येतो. एकदम जाड लावला तर फोटो संपतो, नुसतं चित्र उरतं.

खरी कसरत पिंढरीवर होती. अंगावरचा रंग दातकोरणीला कापूस गुंडाळून, टर्पेंटाइनला जेमतेम टेकवून उचलला. पण पिंढरीला चिकटलेली माती लालच ठेवली. पैलवान तिथे हौद्यात उभा राहिला. अंग तपकिरीच सोडलं. सत्काराच्या फेट्याच्या रंगावर घरातच दोन मतं होती, म्हणून तोही कोरा. माझ्या मते त्यामुळेच माती एवढी उठून आली.

नातवाला लगेच फ्रेम हवी होती. दिली नाही. जुलैत हे तेल आठवड्यात वाळत नाही. बोटाला रंग लागायचा थांबल्यावरही काही दिवस प्रिंट मोकळ्या हवेत, धुळीपासून झाकून, आडवी ठेवावी लागते.