रांग कुठे लावायची? मुंबई ते शिकागो, व्हाया अबू धाबी

बहिणीची डिलिव्हरी जानेवारीत, शिकागोजवळच्या नेपरविलला. आई जाणार हे ठरलेलंच होतं. बाबांनी "आधी तुम्ही बघून या" म्हणत अंग काढून घेतलं. आई ६८ वर्षांची, पहिलाच परदेश प्रवास, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. इंग्रजी सगळं समजतं, पण बोलायची वेळ आली की घशाला कोरड. पंधरा दिवसांची रजा टाकून मी सोडायला जाणार होते. तिकिटाचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं, आणि पुढचे चार रविवार मी कोथरूडच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून विमानतळ चाळत बसले.

एकटी असले की मी सगळ्यात स्वस्त तिकीट काढते आणि पुढचं पुढे बघते. याच सवयीने काही वर्षांपूर्वी युरोपात एका मोठ्या विमानतळावर ५५ मिनिटांचं कनेक्शन घेतलं होतं. मुंबईलाच अर्धा तास गेला. उतरल्यावर बस, मग पुन्हा सिक्युरिटी, मग न संपणारा कॉरिडॉर. गेटवर पोचले तेव्हा काचेतून विमान समोर दिसत होतं आणि दार बंद झालेलं. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर होता म्हणून पुढच्या विमानात जागा मिळाली, तीही नऊ तासांनी. दोन सुटी तिकिटं जोडून काढली असती तर तो भुर्दंड माझ्याच माथी. तेव्हा मी निदान धावले तरी होते. आईला घेऊन कुठे धावणार?

तरी पहिला विचार युरोपचाच आला. मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण नऊ तास, तिथून शिकागो जवळजवळ तेवढेच. बरोब्बर मध्यावर पाय मोकळे. आखातातून जायचं तर हिशोब वेडावाकडा होतो: आधी तीन तास, डोळा लागतोय तोवर उतरा, मग सलग चौदा-पंधरा तास एका खुर्चीत. गुडघ्यांचं मत घेतलं असतं तर ते फ्रँकफर्टच म्हणाले असते.

पण महिना जानेवारीचा. बर्फाने उशीर झाला आणि संध्याकाळचं विमान हुकलं तर? फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ विमानांची ये-जा बंद असते. आईकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असतो तो, नाही. नुसतं विमान बदलायला तेवढं पुरतं, पण हॉटेलात जाऊन पडायला विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं तर शेंगेन लागतोच. म्हणजे गुडघे, लोखंडी खुर्ची आणि सकाळची वाट.

सगळ्यात स्वस्त तिकीट तर आणखी गमतीचं होतं: मुंबई, म्युनिक, फ्रँकफर्ट, शिकागो. एकच कंपनी, एकच पीएनआर, वेळाही छान. मी कार्डाचा नंबर टाकायला घेतला आणि थबकले. म्युनिक ते फ्रँकफर्ट हा जर्मनीतल्या जर्मनीत प्रवास. म्हणजे म्युनिकला इमिग्रेशन ओलांडून शेंगेनमध्ये शिरायचं, आणि त्याला शेंगेन व्हिसा हवा. साइट असली तिकिटं बिनदिक्कत विकते. अडवतात ते मुंबईच्या चेक-इन काउंटरला, पहाटे दोन वाजता. तेव्हापासून मी मधल्या थांब्यांची नावं आधी वाचते, भाडं नंतर.

दिल्लीमार्गे जायचा विचार पाच मिनिटं केला. जानेवारीतलं दिल्लीचं धुकं आठवलं आणि टॅब बंद केला.

खरा प्रश्न मला तिसऱ्या रविवारी कळला. विमान कुठे बदलायचं, यापेक्षा इमिग्रेशनच्या रांगेत आईला कुठे उभं करायचं? एरवी ती रांग अमेरिकेत उतरल्यावर असते: पंधरा तासांच्या प्रवासानंतर, पाय सुजलेले, डोकं जड, आणि समोर काचेआडचा अधिकारी. अबू धाबीला मात्र २०१४ पासून अमेरिकेचं प्रीक्लिअरन्स आहे. अमेरिकेचेच अधिकारी तिथे बसतात. इमिग्रेशन आणि कस्टम्स दोन्ही तिथेच उरकतं, आणि शिकागोला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. आखातात ही सोय एवढ्या एकाच ठिकाणी. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे नापास करायचं तर तिथूनच परत पाठवणार ना? मग बरंय की, घर तीन तासांवर." तिकीट त्याच रात्री काढलं.

कनेक्शन चार तासांचं घेतलं. व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवली. तिच्यातही तीन प्रकार असतात, हे मला तेव्हा कळलं: फक्त लांब चालणं जमत नाही, जिनाही चढवत नाही, आणि सीटपर्यंत न्यावं लागतं. आई पहिलाच प्रकार घ्या म्हणून हटून बसली. मी दुसरा घेतला. मुंबईला विमान लांब उभं असलं तर बसमधून उतरून शिडी चढावी लागते, आणि तिथे मानापमान कामाला येत नाही.

पहाटेच्या विमानाने निघालो. अबू धाबीचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, त्यामुळे उतरलो तरी तिथे पहाटच होती. टर्मिनल ए नवं आहे, २०२३ च्या नोव्हेंबरात उघडलेलं, आणि त्या वेळेलाही लक्ष्मी रोडला दिवाळीत असते तशी वर्दळ. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा केरळचा निघाला. त्याच्या हिंदीला आणि आईच्या हिंदीला एकमेकींचा आधार मिळाला.

अमेरिकेच्या विमानांसाठी सिक्युरिटी पुन्हा, वेगळी. बूट, स्वेटर, गुडघ्याचा पट्टा, सगळं ट्रेमध्ये. मग इमिग्रेशन. मी आईला महिनाभर पढवलं होतं: "बाळ सांभाळायला जातेय म्हणू नकोस, मुलीला भेटायला म्हण." बोटांचे ठसे झाले, फोटो झाला. अधिकाऱ्याने विचारलं, "कशासाठी?" आई म्हणाली, "डॉटर." पुढचं वाक्य तिने गिळलेलं मला दिसलं.

मग त्याच्या स्क्रीनवर आमच्या बॅगांचे फोटो आले. या तुमच्याच का, म्हणून विचारलं. बॅग ओळखू यावी म्हणून आईने मुठीला जुन्या नऊवारीच्या काठाची हिरवी पट्टी बांधली होती. फोटोत ती दिसताच आईला इतका आनंद झाला की ती त्यालाच दाखवायला लागली. खायला काय आहे? डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, मेतकूट. मी इंग्रजी शब्द शोधत होते.

"एनी मीट?"

"अय्या! नो, नो!" आईने दोन्ही हात हलवले. "ओन्ली लाडू!"

तो हसला की नाही, सांगता येणार नाही. सहा महिने मिळाले, आम्ही पुढे झालो. पलीकडच्या खुर्चीत बसून आईने डब्यातला गूळपोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "एवढंच होय?"

पुढचे पंधरा तास लांब होते, यात काही लपवण्यासारखं नाही. गुडघ्यांनी सूड घेतला. दर दोन तासांनी मी तिला मागच्या पॅन्ट्रीपर्यंत फिरवून आणत होते. पण ती झोपलीही, कारण पुढे काही परीक्षा उरली नव्हती. शिकागोला उतरल्यावर बॅगा घेतल्या आणि सरळ बाहेर. समोर बहीण, पोट सांभाळत, हातात आईसाठी जाड कोट. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "अमेरिका कुठेय? कोणी काही विचारलंच नाही."

येताना मी एकटी, कार्डाच्या पॉइंटवर, दोहामार्गे आले. परतीच्या वाटेवर प्रीक्लिअरन्सचा काडीचा उपयोग नाही, तेव्हा निवड मनासारखी करता आली. दोहाला टर्मिनल एकच, त्यामुळे टर्मिनल बदलायला बस नाही. मधोमध सात मीटर उंच पिवळं अस्वल बसलंय, डोक्यातून दिवा निघालेला. खेळणं वाटतं, पण ब्राँझचं आहे. अर्स फिशर या स्विस कलाकाराचं काम. पुढे काचेच्या छताखाली चक्क झाडी, खरी. कॉफी घेऊन मी तिथे दोन तास काढले आणि अस्वलाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला.

जूनमध्ये आई परत येणार, यावेळी एकटी. मी पुन्हा लॅपटॉप उघडला. युरोप की आखात, कनेक्शन किती तासांचं, मुंबईला किती वाजता उतरेल, म्हणजे बाबांना घ्यायला जाता येईल. सगळं कागदावर मांडलं आणि व्हिडिओ कॉल लावला. आईच्या मांडीवर नात झोपलेली. तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते पिवळं अस्वल कुठल्या गावाला आहे म्हणालीस?"

"दोहा."

"मग तिकडूनच काढ. आणि वेळ जरा जास्त ठेव मध्ये, फोटो काढून घ्यायचाय मला."