'नाइस' म्हणजे छान? दरवेळी नव्हे

लॅटिनमध्ये 'ने' म्हणजे न आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. दोन्ही जोडून झाला 'नेस्किउस', म्हणजे अजाण, अडाणी. आज कौतुक करताना सहज तोंडी येणाऱ्या 'नाइस'चं मूळ हे. 'सायन्स'ही त्याच 'स्किरे'तून निघाला, म्हणजे हे दोन शब्द एकाच घरातले. (फ्रान्समधल्या नीस शहराचं स्पेलिंग सारखंच असलं तरी त्याचा इथे संबंध नाही. ते नाव ग्रीक 'नीके', म्हणजे विजय, यावरून पडलं.)

जुन्या फ्रेंचमधून हा शब्द १३०० च्या आसपास इंग्रजीत आला, तो 'मूर्ख' या अर्थाने. स्पॅनिशमधला त्याचा भाऊबंद 'नेसिओ' अजूनही मूर्खच आहे. इंग्रजीत मात्र अर्थ सरकत गेला: बावळट, मग बुजरा, मग नाजूक, मग खाण्या-नेसण्यात चोखंदळ. चोखंदळ माणूस बारकावे पाहतो, म्हणून पुढे 'काटेकोर, सूक्ष्म' हा अर्थ आला. 'सुखद, छान' हा अर्थ रुळला तो थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि 'प्रेमळ स्वभावाचा' त्याच्याही नंतर. एक अर्थ संपला आणि दुसरा सुरू झाला, असं कधी घडलं नाही. कित्येक अर्थ एकाच वेळी चालू होते. त्यामुळे सोळाव्या शतकातल्या एखाद्या वाक्यात नेमका कोणता अर्थ घ्यावा, यावर जाणकारही अडतात.

जुनं इंग्रजी वाचताना खरी फसगत इथेच होते. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये रोमिओपर्यंत न पोहोचलेल्या पत्राबद्दल पाद्री म्हणतो, की ते 'नाइस' नव्हतं. पत्र वाईट होतं असं त्याला म्हणायचं नाही. ते क्षुल्लक नव्हतं, त्यात गंभीर मजकूर होता, असं तो सांगतो. 'छान' हा अर्थ धरला तर त्या प्रसंगातली निकडच हरवते.

आजच्या इंग्रजीतही जुना अर्थ जिवंत आहे. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान फरक नव्हे, अगदी बारीक फरक. कायद्याच्या लिखाणातला 'नाइस पॉइंट' म्हणजे तोलून-मापून ठरवावा लागणारा मुद्दा. 'टू अ नाइसिटी' म्हणजे तंतोतंत. एखादा माणूस आपल्या मार्गांबाबत फारसा 'नाइस' नाही असं लिहिलं असेल, तर तो विधिनिषेध बाळगत नाही, असं समजावं.

भाषांतर करताना आधी पुढचं नाम पाहावं. फरक, मुद्दा, निवाडा, तोल अशी अमूर्त नामं असली तर 'सूक्ष्म' किंवा 'नाजूक' बहुतेकदा चपखल बसतो. मग लिखाणाचा काळ पाहावा. १७५० च्या आधीचं असेल तर 'छान' सगळ्यात शेवटी तपासावा. 'नाइस अँड वॉर्म' हे प्रकरण वेगळंच. तिथे नाइस हे 'वॉर्म'वर जोर देणारं आहे. 'छान आणि उबदार' असं तोडून लिहिलं की वाक्य मोडतं, 'मस्त उबदार' म्हटलं की जमतं.

असा अर्थ पालटलेला शब्द आपल्याकडे पाहायचा तर 'साहस' उलगडून पाहावा. संस्कृत धर्मशास्त्रात तो बळजबरीच्या गुन्ह्याचा शब्द होता.