जिप्सीसाठी बनवलेला फ्लेक्स रॅम्प

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मारुती जिप्सीला नवे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) बसवून घेतले. गाडी दोन इंचांनी उंच झाली आणि आता ती डोंगरवाटांसाठी तयार आहे, असे मी धरून चाललो. गाडी उंच होणे आणि तिची चाके मोकळेपणाने खाली-वर होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी मला रॅम्प बांधावा लागला.

पावसाच्या पाण्याने चिरलेल्या कच्च्या वाटेवर पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक उंचवट्यावर चढते, तेव्हा उरलेली दोन चाके खाली लोंबू लागतात. जिप्सीला कंपनीकडून डिफरन्शियल लॉक, म्हणजे एकाच आसाची (ॲक्सलची) दोन्ही चाके सारखीच फिरायला लावणारी सोय, मिळत नसे. त्यामुळे फोर व्हील लावलेली असली, तरी पुढचे एक आणि मागचे एक चाक अधांतरी गेले की तीच दोन चाके गरगर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. चाक जितका जास्त वेळ जमिनीला टेकून राहील, तितकी गाडी पुढे सरकण्याची शक्यता अधिक. आणि हे टेकून राहणे मोजण्याचे साधन म्हणजे फ्लेक्स रॅम्प.

मोजण्याची रीत सोपी आहे. साधारणपणे 20 अंशांच्या उतारावर पुढचे एकच चाक चढवायचे आणि उरलेल्या तिन्हींपैकी एखादे चाक, बहुधा त्याच बाजूचे मागचे, जमीन सोडू लागले की थांबायचे. रॅम्पच्या पायथ्यापासून चढलेल्या चाकाच्या मध्यापर्यंतचे उतारावरील अंतर व्हीलबेसने (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतराने) भागून 1000 ने गुणले की गाडीचा आकडा मिळतो. व्हीलबेसने भागल्यामुळे आखूड आणि लांब गाड्यांची तुलना करता येते.

माझ्या जिप्सीचा व्हीलबेस 2375 मिलिमीटर आहे, पण मित्राच्या पाच दरवाजांच्या जिम्नीचा 2590 असल्याने मी उताराची लांबी 2600 ठेवली. 20 अंशांना उंची 889 आणि पाया 2443 मिलिमीटर आला. रुंदी 600 घेतली. टायरला एवढी जागा लागत नाही, पण चाक कडेवरून घसरण्याची भीती मला मुळीच नको होती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे दोन रविवार काम चालले. वर आणि खाली 75 मिलिमीटरचे चॅनेल, उभ्या आणि तिरक्या आधारांना 50 चे अँगल, वर 5 मिलिमीटरची चेकर प्लेट आणि तिच्यावर ठरावीक अंतराने आडव्या वेल्ड केलेल्या सळ्या. वजनाचा हिशेब मात्र इथे नीट करावा लागतो. एका चाकावर गाडीच्या वजनाचा चौथा हिस्सा येईल असे वाटते; प्रत्यक्षात पलीकडचे पुढचे चाक लोंबू लागले की पुढच्या ॲक्सलचा जवळजवळ सगळा भार रॅम्पवरच्या एका चाकावर येतो, म्हणजे गाडीचे सुमारे निम्मे वजन. आम्ही दीड टन धरून तिरके आधार वाढवले. सगळे मिळून रॅम्प 180 किलोच्या आसपास भरला. चाकाच्या जोराने तो सरकू नये म्हणून पायथ्याला पत्रे जोडून ते काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने आवळले.

पहिल्या दिवशी डावे चाक 1120 मिलिमीटर चढले, म्हणजे आकडा 472; उजवे 1070, म्हणजे 451. दोन्ही बाजूंत एवढा फरक का, हे शोधताना पाट्यांच्या पानांमध्ये साचलेला गंज सापडला. पण त्या दिवशी हाती लागलेली खरी गोष्ट वेगळीच होती. डावे चाक वर असताना मित्राने बाजूला उभे राहून लोंबणाऱ्या उजव्या पुढच्या चाकावर टॉर्च मारला, तेव्हा ब्रेकची रबरी नळी तारेसारखी ताणलेली दिसली. स्टिअरिंग थोडे वळवताच ती आणखी ओढली जाऊ लागली, आणि शॉकॲब्सॉर्बरची चाल तर अजून शिल्लक होती, म्हणजे चाक आणखी खाली जाऊ शकत होते. ज्यांनी गाडी उंच करून दिली, त्यांनी नळ्या जुन्याच ठेवल्या होत्या. एखाद्या घाटातल्या उतारावर ती नळी तुटली असती, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता लांब नळ्या बसवल्या आहेत, आणि शॉकॲब्सॉर्बरची लांबी अशी निवडली आहे की नळी ताणण्याआधी चाकाला शॉकॲब्सॉर्बर अडवेल. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) सरकता सांधाही चाक पूर्ण लोंबलेले असताना तपासला. पाने सुटी करून घासली, ग्रॅफाइट ग्रीस लावले. दुसऱ्या फेरीत दोन्ही बाजूंनी 1210 मिलिमीटर मिळाले, म्हणजे आकडा 509.

चढताना लो रेंज (फोर व्हीलची कमी वेगाची, जास्त जोराची जोडणी), पहिला गिअर आणि सीटबेल्ट; समोर खुणा करणारा एकच माणूस, आणि गाडी ज्या बाजूला कलते तिकडे कोणीही नाही. मोजमाप घेण्याआधी खालच्या चाकांना दगड लावायचे. वर गाडी असताना खाली डोके घालायचे नाही, जे पाहायचे ते बाजूने. उतरताना रिव्हर्स गिअरमध्येच यायचे आणि क्लच दाबायचा नाही, कारण क्लच दाबताच गाडी इंजिनच्या धाकातून सुटते.

जिम्नीला चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग आहेत आणि तिचेही दोन्ही ॲक्सल सलग आहेत. ती पुढच्या रविवारी रॅम्पवर येणार आहे. तिच्या नळ्या मी आधी पाहणार आहे, आकडा नंतर.