चुरमुऱ्याच्या कढईतली वाळू

वडगावात दर गुरुवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात आम्ही चौदा-पंधरा बायका जमतो. भजन असतं, कधी कागदाची फुलं, आणि रांगोळी तर ठरलेलीच. पण रांगोळीचा दिवस असला की दोघी-तिघी सराईत हातांच्या पुढं सरकतात आणि बाकीच्या डबे पुढं करत बसतात. म्हणून श्रावणात मी म्हटलं, यंदा वाळूचं चित्र करूया. वाळूत आमच्यातली एकही तरबेज नाही.

"म्हणजे ते समुद्रावरचं?" एकीनं मोबाइलवर पुरीच्या सुदर्शन पट्टनायकांची शिल्पं काढून दाखवली. २०१४ साली पद्मश्री मिळालेला माणूस तो, आम्ही कुठं! शिवाय त्यांचं काम ओल्या वाळूचं. कणाकणांतलं पाणी त्यांना धरून ठेवतं, म्हणून ती उभी राहते. आमचं कोरडं. प्लायवूडवर चित्र काढायचं, फेव्हिकॉल लावायचा, वरून रंगीत वाळू भुरभुरायची.

आणि नेमकी कोरडी वाळूच मिळेना. बेळगावचा पाऊस तो. शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली सहा किलो वाळू गढूळपणा जाईपर्यंत चारदा धुतली, घरभर कागदांवर पसरली. चार दिवसांनी हात लावला तर तशीच गार. रंग घातला असता तर लाडू वळले असते.

तेव्हा एक काकू म्हणाल्या, "अगं कढईत घाल की. माहेरी चुरमुऱ्याची भट्टी आमची, वाळू तापवतच वाढलोय." उलथनंही त्यांनीच घेतलं. ओली वाळू कढईत मुकी असते, जडपणानं फिरते. सुकत आली की सळसळ वाजायला लागते. तो आवाज आला की उतरवायची. मग गार करून रव्याच्या चाळणीतून चाळली आणि थोडाथोडा पोस्टर कलर घालून चोळली. (चाळताना तोंडाला पदर बांधा, धूळ वाईट असते.)

चित्र कसलं, यावर वाद झालाच नाही. येळ्ळूरचा राजहंसगड! तटाला क्रशरची करडी वाळू तशीच चालली, पायथ्याला खानापूरकडच्या जांभ्याचा लाल भुगा. आभाळ मात्र मी घालवलं. अख्ख्या आभाळाला एकदम घट्ट फेव्हिकॉल थापला, निळी वाळू पोचेपर्यंत अर्धा वाळून गेला, आणि फळी उभी करताच आभाळ पायांवर. पुढच्या वेळी थोडं पाणी घालून पातळ केला, आणि हातभर जागा लावायची, तेवढीच भरायची, असं ठरवलं.

ऐंशीच्या पुढच्या एक आजी रांगोळीला कधी पुढं येत नाहीत, हात थरथरतो. त्यांना बुरुजावरचा झेंडा दिला. थरथरत्या चिमटीतून भगवी वाळू इतकी एकसारखी पडली, की आम्ही बघतच राहिलो. शेजारच्या कन्नड अक्का ओरडल्या, "साकु आजी, साकु!" म्हणजे पुरे. आजी म्हणाल्या, "गप बस गं, अजून उसुकु आण." उसुकु म्हणजे कन्नडात वाळू. फळी तिरकी करून मागून टिचक्या मारल्या. जास्तीची वाळू कालच्या पेपरवर सर्रकन उतरली आणि झेंडा राहिला.

फळी आता मंडपात टांगलीय. दर गुरुवारी खाली चिमूटभर भगवी वाळू सांडलेली असते. आजी ती ओल्या बोटानं टिपतात आणि पुडीत बांधून ठेवतात. "गणपतीला लागंल," म्हणतात.