लॉजच्या काउंटरवरचं आधार

आज लॉजच्या काउंटरवर पुन्हा तेच: "आधारचा फोटो व्हॉट्सॲप करा." तो फोटो रिसेप्शनवाल्याच्या गॅलरीत जातो, तिथून त्याच्या क्लाउड बॅकअपमध्ये. पोरगा नोकरी सोडतो, फोटो मात्र त्याच्याकडेच राहतो.

ओळख दाखवायला पूर्ण नंबर लागत नाही. मायआधार पोर्टलवर लॉगिन करा, डाउनलोड करताना 'मास्क्ड'वर टिक करा. पहिले ८ आकडे झाकलेली पीडीएफ मिळते, शेवटचे ४ दिसतात. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. बहुतेक लोक टिक करायलाच विसरतात आणि पूर्ण नंबराची प्रत पुढे ढकलतात. एक मात्र लक्षात ठेवा, मास्क्ड प्रतीवरच्या क्यूआर कोडमध्ये नाव, पत्ता असतोच. म्हणून शक्यतो फोनवर दाखवा, पाठवू नका. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: तारीख, कुणासाठी, कशासाठी.

बायोमेट्रिकही लॉक करून ठेवा. बोटांचे ठसे चोरून आधार-बँकिंगमधून, म्हणजे आधार नंबर आणि ठशावर चालणाऱ्या बँक व्यवहारातून, पैसे काढले जातात, ओटीपीसुद्धा येत नाही. रेशन दुकानात जाण्याआधी तेवढं अनलॉक करायचं, नाहीतर मशीन ठसा नाकारतं आणि रांग तुमच्यावर खेकसते.

आता कंपन्यांचं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. ऐकायला भारी! पण तो जातो सरकारी तिजोरीत. ज्याचा डेटा फुटला त्याला त्यातला रुपयाही नाही, उलट आयटी कायद्यातलं भरपाईचं ४३-अ कलम याच कायद्यानं वगळायला घेतलं.