एसएफ९ पेशींतून प्रथिन कमी येतंय? आधी फ्लास्क बघा

बॅक्युलोव्हायरसने (कीटकांच्या पेशींत हवं ते जनुक नेणारा विषाणू) प्रथिन बनवताना उत्पन्न घटलं की आधी जनुकावर संशय घेतला जातो. पण बरेचदा घोळ त्याच्या आधीच, पेशी वाढवताना झालेला असतो.

एसएफ९ पेशी आल्या अमेरिकन लष्करी अळीच्या कोषातल्या अंडाशयातून. त्यांना २७ अंश तापमान पुरतं. माध्यमाचा पीएच ६.२च्या आसपास असतो आणि तो फॉस्फेटमुळे टिकून राहतो, म्हणून कार्बन डायऑक्साइडची भानगड नाही. हवा मात्र भरपूर लागते, संसर्गानंतर तर आणखीच. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० ते ७० मिलीच भरा, झाकण सैल ठेवा, शेकर मिनिटाला १२० ते १३० फेऱ्यांवर. 'जागा आहे तर भरू' म्हणून १५० मिली ओतलं की पेशी गुदमरतात.

मिलीला ५ लाख पेशींपासून सुरुवात करा आणि ४०-५० लाखांपुढे जाऊ देऊ नका. पेशी साधारण दिवसभरात दुप्पट होतात. दीड दिवसातही झाल्या नाहीत, तर त्या दिवशी संसर्ग नको. ट्रायपॅन ब्लूच्या (फक्त मेलेल्या पेशींना निळा करणारा रंग) मोजणीत ९५ टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत दिसायला हव्यात.

आता विषाणूचा हिशेब. १०० मिलीत मिलीला २० लाख, म्हणजे २० कोटी पेशी. एमओआय (एका पेशीमागे किती विषाणू) २ हवा असेल तर विषाणू लागतील ४० कोटी. स्टॉकचा (साठवलेल्या विषाणूचा) टायटर, म्हणजे संसर्गक्षम विषाणूंची संख्या, मिलीला १० कोटी असेल तर ४ मिली टाका. एमओआय १ ठेवला तर पहिल्या फेरीत जेमतेम ६३ टक्के पेशींना संसर्ग होतो, ३ ठेवला तर ९५ टक्के. टायटर न मोजता 'नेहमीचे २ मिली' टाकणं म्हणजे अंधारात तीर.

स्टॉक वाढवताना उलटं करायचं: एमओआय ०.१. इथे जास्त विषाणू टाकला तर सदोष विषाणू माजतात आणि दर पिढीला प्रथिन घटत जातं. तिसऱ्या पिढीपुढे जाण्यापेक्षा पहिल्या पिढीची जपून ठेवलेली बाटली काढा. स्टॉक ४ अंशांवर, अंधारात. थोडा सीरम घातलेला बरा.

संसर्ग लागला की पेशी विभागायच्या थांबतात आणि फुगतात. दुसऱ्या दिवशी आकडा दुप्पट झालेला दिसला, तर विषाणू कमी पडला असं समजा. पॉलिहेड्रिन प्रमोटर (आपलं जनुक चालू करणारा विषाणूचा डीएनए-तुकडा) अगदी शेवटच्या टप्प्यात चालतो, त्यामुळे प्रथिन बहुधा ४८ ते ७२ तासांत भरात येतं. नेमकी वेळ प्रत्येक प्रथिनाची वेगळी. २४, ४८, ७२ तासांचे १-१ मिली नमुने जेलवर चालवून बघाच. पेशी फार मरू दिल्या तर फुटलेल्या पेशींतले प्रोटिएज (प्रथिनं कापणारी विकरं) हाती आलेलं प्रथिन कापतात, आणि जेलवर मुख्य पट्ट्याखाली बारीक पट्ट्यांची रांग दिसते.

प्रथिन माध्यमात सोडलं जात असेल तर ते माध्यम थेट निकेल कॉलमवर (प्रथिन शुद्ध करायची निकेल-रेझिनची नळी) चढवू नका. कीटक माध्यमातले घटक निकेल उपटून काढतात आणि निळसर रेझिन पांढरं पडतं. आधी बफर बदला.