चार इंची टायर आणि दगडी डोण

आमचं सायकलचं दुकान बेळगावच्या टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटपासून चालत पाच मिनिटांवर. बाबांनी सुरू केलं तेव्हा भाड्याच्या बारा सायकली होत्या, ताशी आठ आणे. नाव, गल्ली आणि कुणाचा मुलगा एवढं वहीत लिहिलं की सायकल मिळायची. उद्यमबागेत फाउंड्रीत जाणारी माणसं सकाळी सातला पंक्चर काढायला दारात उभी असायची. पुढं घरोघरी मोटरसायकली आल्या आणि भाड्याचा धंदा बसला. मी गल्ल्यावर बसायला लागलो तोवर चाकांचा आउट काढणं आणि शाळकरी पोरांचे ब्रेक आवळणं एवढ्यावरच दुकान चाललं होतं. त्या पंधरा वर्षांबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही. भाडं वेळेवर भरलं, एवढंच.

2020 च्या लॉकडाउननंतर गिअरच्या सायकली वाढल्या आणि त्यांच्या मागोमाग फॅट बाइक, म्हणजे जाडजूड टायरच्या सायकली आल्या. या सायकलचा जन्म बर्फ आणि वाळू यांच्यासाठी. 2005 साली अमेरिकेत सर्ली कंपनीनं पग्जली नावाची फॅट बाइक बाजारात आणली, तिचे टायर 3.7 इंची होते. बेळगावात बर्फ कुठला? पण बुलेटच्या शेजारी उभी केली तरी ही सायकल लाजत नाही, म्हणून पोरांनी घेतल्या. आमच्याकडं येतात त्यातल्या बहुतेक 26 इंची चाकाच्या, चार इंची टायरच्या, आणि रिमला मधोमध मोठमोठी भोकं पाडलेल्या. वजन कमी व्हावं म्हणून ती भोकं. त्यातून रंगीत कापडी पट्टी दिसते, पोरांना तीच आवडते.

चिकोडीकडचा एक उसाचा शेतकरी आपल्या मुलाची अशी सायकल टेम्पोत टाकून घेऊन आला. दोन्ही ट्यूबना मिळून अकरा ठिगळं. बांधावरचे सराटे आणि बाभळीचे काटे. टायर जितका रुंद, तितके काटे जास्त गोळा करतो. नवी ट्यूब घ्यावी तर एकेक चारशे-पाचशे ग्रॅमची, महाग, आणि बेळगावात हमखास मिळेलच असं नाही. मुलगा म्हणाला, "मामा, मोटरसायकलचं ट्यूबलेस होतंय, मग हिचं का होत नाही ओ?" मी म्हटलं, होतंय की, ठेवून जा. माझा तो आगाऊपणा आमच्या धंद्याला वळण देऊन गेला.

त्या रात्री अडीच वाजेपर्यंत हवा मारत बसलो. रिमला टेप लावली, वॉल्व्ह बसवला, टायरला साबणाचं पाणी लावलं, कॉम्प्रेसर सोडला. हवा एका बाजूनं आत आणि दोन्ही बाजूंनी बाहेर. टायर नुसता सुस्कारे टाकत होता. बाबा झोपेतून उठून आले, चाकाकडं बघितलं आणि म्हणाले, "रिमच्या पोटात खड्डा आहे बघ." आणि परत जाऊन झोपले.

सगळं मर्म त्या खड्ड्यातच आहे. टायरच्या कडेला आत तार असते. ही कड रिमच्या काठालगतच्या सपाट ओट्यावर घट्ट बसली तरच हवा अडते. ट्यूबच्या चाकात तिला तिथं ढकलायचं काम ट्यूब करते. ट्यूब काढली की सैल टायरची कड मधल्या खोलगट भागात घसरते, ओट्यापर्यंत पोचतच नाही. मग कितीही मोठा कॉम्प्रेसर लावा. ट्यूबलेससाठीच बनवलेल्या रिमचा आकार याचा विचार करून दिलेला असतो. स्वस्तातल्या फॅट बाइकच्या रिमला तसं काही नसतं.

म्हणून आम्ही खड्डा भरायला लागलो. आधी सायकलवाल्यांचा जुना जुगाड केला: वीस इंची चाकाची ट्यूब मधोमध उभी चिरायची, रिमवर ताणून पसरायची, कडा बाहेर लोंबू द्यायच्या, वर टायर चढवून हवा भरायची आणि बाहेर आलेलं रबर ब्लेडनं कापायचं. हवा धरते, पण एकदा टायर उतरवला की ते रबर परत जागेवर बसत नाही, नवी ट्यूब चिरावी लागते. शिवाय वजन वाचवायला निघालो आणि वजनच परत घातलं. मग उद्यमबागेत मशिनरी गुंडाळायला वापरतात तो दोन-तीन मिलिमीटरचा पांढरा फोम आणला. आता क्रम असा: रिम स्पिरिटनं पुसायची, भोकांवर कापडी पट्टी, तिच्यावर खोलगट भागापुरता फोम, आणि वरून एका ओट्यापासून दुसऱ्या ओट्यापर्यंत जाईल एवढी रुंद टेप, ताणून. वॉल्व्हपाशी टेप वीतभर एकमेकांवर यायला हवी. वॉल्व्हचं भोक ब्लेडनं पाडायचं नाही, तापवलेल्या खिळ्यानं पाडायचं, म्हणजे टेप तिथून उसवत जात नाही. फोम थोडा झाला तर हवा निसटते, जास्त झाला तर टायर चढतच नाही. हा अंदाज यायला आम्हाला सहा-सात चाकं बिघडवावी लागली.

याच्या पुढची युक्ती माझी, आणि तिचा मला जरा गर्व आहे. टेप लावल्यावर रात्रभर ट्यूब घालूनच हवा भरून ठेवतो. टेप दाबली जाते, टायरच्या दोन्ही कडा जागेवर बसतात. सकाळी एकच कड उतरवून ट्यूब ओढून काढायची. दुसरी बसलेलीच राहते, म्हणजे झगडा एकाच बाजूचा. वॉल्व्हची पिन काढून कॉम्प्रेसरची हवा आत सोडली की कड टक्, टक् आवाज करत ओट्यावर चढते. मग त्याच नळीतून दीडशे मिलिलिटर लॅटेक्सचं सीलंट, म्हणजे काट्याची भोकं आतून बुजवणारं दुधासारखं पातळ रबर, आत, पिन परत, आणि चाक पाटीवर आडवं ठेवायचं, तासाभरानं दुसऱ्या कुशीवर.

टक् आवाज येईना म्हणून एकदा कारागीर पोरानं हवा वाढवत नेली. दाब चाळीस पीएसआयच्या आसपास गेला आणि टायर रिम सोडून उडाला. कुणाला लागलं नाही, पण भिंतीवरचं कॅलेंडर आणि विठोबाचा फोटो सीलंटच्या दुधानं न्हाले, आणि माझा उजवा कान संध्याकाळपर्यंत गुणगुणत होता. चार इंची टायर 30 पीएसआयला जेवढा ताणला जातो, तेवढा दोन इंची टायर 60 ला ताणला जातो. हे गणित आता भिंतीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवलंय. आमच्याकडं वीसच्या वर काटा जाऊ देत नाही.

खरं तर चालवायला इतकी हवा लागतच नाही. डांबरी रस्त्याला बारा, जांबोटीच्या लाल मातीत सात-आठ पुरे. पेट्रोल पंपावरच्या मशिनला सात आणि अकरा यांतला फरक कळत नाही, म्हणून पंधरापर्यंतचाच काटा असलेला गेज आम्ही गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधतो. गोकाकचं एक गिऱ्हाईक दर वेळी "गाळी हाक्री" म्हणत येतं. कन्नडमध्ये गाळी म्हणजे हवा. नवीन पोराला पहिल्या दिवशी वाटलं, शिव्या घालायला सांगतोय.

सगळ्यांना ट्यूबलेस करून देत नाही. गंजलेली लोखंडी रिम, वेल्डिंगचा सांधा वर आलेला, टायरची तार ढिली, यातलं एक जरी दिसलं तरी ट्यूबच ठेवा म्हणतो. गिऱ्हाईक कॉलनीत फिरण्यापुरतं चालवणारं असेल तर तेच सांगतो, कारण सीलंट उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळतं आणि परत घालावं लागतं. न विचारता घातलेल्या हवेपेक्षा न घेतलेले पैसे बरे, हे बाबांचं म्हणणं. याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

गेल्या दोन वर्षांत चोर्ला घाट चढून गोव्याकडनं सायकली येऊ लागल्यात. समुद्रकिनाऱ्यावर भाड्यानं चालणाऱ्या. त्यांचं दुखणं काट्यांचं नाही, खाऱ्या पाण्याचं. टेप उचलली की खाली स्पोक आवळायची निपल हिरवी-पांढरी फुललेली. आधी सगळे स्पोक बदलायचे, मग ट्यूबलेसचं बोलायचं. या कामात पैसा बरा आहे, पण पावसाळ्यात घाटाचा रस्ता रडवतो आणि काम तुटतं.

पंक्चर बघायच्या आमच्या जुन्या घमेल्यात हे चाक मावेना, तेव्हा बाबांनी येळ्ळूरच्या भावकीतली गुरांची दगडी डोण मागून आणली. चार माणसांनी उचलून ती दुकानामागं ठेवली. चाक तिच्यात उभं करून फिरवलं की कडेनं बुडबुडे आले तर टायर बसलेला नाही, भोकातून आले तर टेप चुकलीय. चिकोडीची ती सायकल परवा पुन्हा आली, आता धाकटा भाऊ चालवतो. बाबांनी स्टूल ओढलं, चाक डोणीत सोडलं आणि फिरवत बसले. एक बुडबुडा वॉल्व्हपाशी आला. "पिन ढिली आहे," म्हणाले, आणि पकडीसाठी हात पुढं केला.